शेवटच्या दाराची कडी

४ सप्टेंबर

ठोकळ्या,

आधी आशीर्वाद घे, मग भांडते.

फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणतोस, मागून कुणीतरी तुला हाक मारतं आणि बोलणं संपतं. म्हणून कागद घेऊन बसले आहे. कागदाला मध्येच मीटिंग नसते.

तुझ्या ह्या वृद्धसेवा केंद्रात येऊन आम्हाला पाच महिने झाले. दारातल्या पाटीवर 'व्यक्तिकेंद्रित सेवा' लिहिलंय. इमारतीचा नकाशा माझ्या भाच्याने काढलाय, हे मी पहिले आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरले. आता सांगत नाही. तू ज्याला कॉरिडॉर म्हणतोस तो नुसता लांबलचक बोळ आहे. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा दारं, सगळी एका रंगाची. नंबर इतके बारीक की जन्मभर सुईत दोरा ओवलेल्या मलाही चष्मा पुसून वाचावे लागतात. बोळाच्या एका टोकाला सिस्टरचं टेबल, दुसऱ्या टोकाला आकडे दाबून उघडायचं बंद दार.

आता तुझ्या आतोबांचं सांगते. तुला ठाऊक आहे, पण तू विसरलेला दिसतोस. एकतीस वर्षं त्यांनी संग्रहालयात पहारा केला. रोज पाच वाजता एकेका दालनाचं दार ओढून पाहायचं, आत कुणी रेंगाळत असलं तर "चला मंडळी, बंद करायचंय" म्हणायचं, आणि सगळ्यात शेवटी मोठ्या दरवाजाची कडी लावायची. कडी लावली की तिच्यावर दोनदा थोपटायचे, "झालं" म्हणायचे आणि घरी यायचे. सुट्टीत आमच्याकडे असायचास तेव्हा तुला कडेवर घेऊन ती कडी तुझ्या हाताने लावायचे.

आता सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही. मी कोण ते कधी आठवतं, कधी नाही. पण पाच वाजले की उठतात आणि बत्तीस दारं ओढून पाहतात. एखादं उघडं मिळालं तर आत डोकावून अदबीने सांगतात, चला मंडळी, बंद करायचंय. समोरच्या खोलीतल्या मास्तरीणबाई नुकत्या अंघोळ करून केस पुसत होत्या, त्यांनी टॉवेल फेकून मारला. इथवर हसण्यावारी नेता येतं. पण हे शेवटच्या दाराशी पोचतात आणि तिथे लावायला काहीच नसतं. चाचपतात, ढकलतात, घामाघूम होतात, ओरडतात. त्यांचं संग्रहालय उघडं पडलेलं असतं रे. मग तीन माणसं धरून त्यांना खोलीत आणतात. सिस्टरच्या वहीत लिहिलंय, "भटकतात. दुसऱ्यांच्या खोल्यांत घुसतात. आक्रमक."

असंच चाललं तर त्यांना वरच्या, कुलपाच्या मजल्यावर हलवतील. तिथे फक्त विसर पडलेल्यांना ठेवतात, म्हणजे मला जाता येणार नाही. सेहेचाळीस वर्षांत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन सोडलं तर एक रात्र आम्ही वेगळे राहिलो नाही.

मला एकच गोष्ट हवी. त्या दाराशेजारी भिंतीवर एक फळी आणि फळीवर साधी लोखंडी कडी. मॅनेजरबाई म्हणतात, इमारतीत काही बदलायचं तर आर्किटेक्टचं पत्र लागतं. मी म्हटलं, तो आर्किटेक्ट माझ्या शिलाई मशीनखाली बसून ठोकळे रचायचा, पत्र आठ दिवसांत येईल.

तेव्हा माझी लाज राख.

आत्या


१२ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार. आशीर्वाद पोचला, भांडणही पोचलं. टॉवेलचा किस्सा ऑफिसात वाचून दाखवला, सगळे हसून लोटपोट झाले. तू लिहायला हवं होतंस, शिवणकामात उगाच अडकलीस.

आता कामाचं. कॉरिडॉर सरळ आहे तो मुद्दाम. टेबलावर बसलेल्या सिस्टरला एका नजरेत बत्तीस दारं दिसतात. कुणी पडलं तर अर्ध्या मिनिटात माणूस पोचतो. ह्याच गोष्टीसाठी त्या इमारतीला बक्षीस मिळालं, कात्रण तुला पाठवलं होतं. दारं एकसारखी आहेत कारण जागा शांत वाटावी, दवाखान्यासारखी वाटू नये.

कडीचं मात्र जमणार नाही. ते दार आग लागली तर बाहेर पडण्यासाठी आहे. तिथे भिंतीतून पुढे आलेली वस्तू लावा असं मी लिहून दिलं तर उद्या माझ्याच गळ्याशी येईल. आणि खरं सांगू का, कडी दिली तर त्यांच्या फेऱ्यांना आणखी खतपाणी मिळेल.

ह्यावर सोपा उपाय आहे. दार दिसेनासं करायचं. दारावर मोठं चित्र चिकटवतात, दार दिसलं नाही की माणूस आपोआप मागे फिरतो. बऱ्याच ठिकाणी हे करून पाहिलंय. मी मॅनेजरबाईंशी बोललो, पुढच्या आठवड्यात माणूस येईल. पुस्तकांच्या कपाटाचं चित्र निवडलंय, आतोबांना घरच्यासारखं वाटेल.

हातातले तीन आराखडे संपले की येऊन जातो.

तुझा ठोकळ्या


२६ सप्टेंबर

ठोकळ्या,

तुझा माणूस आला आणि चित्र चिकटवून गेला. चित्र सुरेख आहे. मास्तरीणबाई त्यातलं एक पुस्तक काढायला गेल्या आणि नख मोडून घेतलं.

पाच वाजता हे निघाले. बत्तीस दारं झाली. शेवटाला पोचले आणि थांबले. कपाटावर हात फिरवला, वर पाहिलं, खाली वाकून पाहिलं. मग वळले आणि म्हणाले, "दरवाजा चोरीला गेलाय." एकतीस वर्षांत त्यांच्या पाळीत एक नाणं कधी हललं नाही. आता अख्खा दरवाजा गेला.

ज्याच्या पहाऱ्यात चोरी झाली तो पहारेकरी घरी जातो का? हे गेले पाच दिवस सकाळपासून तिथे उभे आहेत. बसा म्हटलं तर बसत नाहीत. जेवण मी वॉकरच्या टोपलीत ठेवून नेते, चार घास घेतात, तेही उभ्यानेच, नजर कपाटावर. पाय सुजून खांब झालेत. परवा इथल्या कामाच्या मावशी त्यांना हाताला धरून आणायला गेल्या, ह्यांनी ढकललं, त्या भिंतीवर आपटल्या. कोपर सुजलं. भली बाई आहे, रडली आणि मग वहीत लिहिलं. तिला लिहावंच लागतं.

तू म्हणालास, दार दिसलं नाही की माणूस मागे फिरतो. कोणता माणूस? मी चाळीस वर्षं कपडे शिवले, पण अंगाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. तू बत्तीस जणांना मिळून एकच अंगरखा शिवलास आणि वर पाटी लावलीस की हा तुमच्या मापाचा आहे.

आता तोंड उघडलंच आहे तर ऐक. खोलीतल्या संडासाचं दार भिंतीच्याच रंगाचं आहे आणि पलंगावरून दिसत नाही. जे दिसत नाही ते ह्यांच्या लेखी नाही. मग चादर ओली होते, आणि वहीत आणखी एक ओळ वाढते. खिडकी इतक्या उंचावर की खुर्चीत बसलं तर नुसतं आभाळ दिसतं. खाली बाग आहे असं ऐकून आहे. तुझ्या बक्षिसाच्या कात्रणातला फोटो पुन्हा काढून पाहिला. सगळं चकचकीत आहे. फोटो काढला तेव्हा आत एकही माणूस राहायला आलेला नव्हता.

आणि तुझ्या ऑफिसातली मंडळी माझ्या नवऱ्यावर लोटपोट झाली ते मला आवडलं नाही. पुन्हा वाचून दाखवू नकोस.

पंधरा ऑक्टोबरला आढाव्याची बैठक आहे. तिथे ह्यांचं ठरणार. त्याआधी ते चित्र उतरव आणि कडीचं पत्र दे.

आत्या


३ ऑक्टोबर

आत्या,

मी चुकलो. वाचून दाखवायलाही आणि चित्राच्या बाबतीतही. चित्र उतरवायला आजच सांगितलंय.

तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलंय म्हणजे मी सांगितलं नाही. मी पहिला नकाशा काढला होता त्यात हा कॉरिडॉर नव्हता. आठ-आठ खोल्यांची चार घरं होती, मधे अंगण, प्रत्येक घराला स्वतःचं स्वयंपाकघर आणि वेगळ्या रंगाचं दार. चालायची वाट अंगणाभोवती फिरून पुन्हा जिथून निघाली तिथेच यायची. कुणी कितीही चाललं तरी बंद दारापुढे जाऊन अडकणार नव्हतं. खरं सांगायचं तर ती वाट काढताना माझ्या डोळ्यांपुढे आतोबांचीच फेरी होती.

केंद्र चालवणाऱ्या संस्थेने नकाशा पाहिला आणि म्हणाली, चार घरांना चार सिस्टर लागतील, सरळ करा म्हणजे दोघींत भागेल. मी चार दिवस वाद घातला, पाचव्या दिवशी सरळ केलं. मग त्याच सरळ रेषेला बक्षीस मिळालं आणि मी स्टेजवर जाऊन ते घेतलं.

आता पत्राचं. कडी का हवी, ते कारण लिहावं लागतं. खरं कारण लिहायचं तर कॉरिडॉरची रचना चुकली असं लिहावं लागेल. ह्याच नकाशावर आणखी तीन केंद्रं बांधायची ठरली आहेत. भागीदार म्हणतो, 'दोष' हा शब्द तुझ्या सहीने गेला तर ती कामं गेली, आणि ऑफिसातल्या अकरा जणांना तूच जाऊन सांग. मी काय करू ते तूच सांग.

सात तारखेला येतो. समोरासमोर बोलू.

ठोकळ्या


९ ऑक्टोबर

ठोकळ्या,

समोरासमोर काय बोललो आपण? तू अकरा वाजता आलास. टेप काढून भिंती मोजल्यास, मॅनेजरबाईंबरोबर चहा घेतलास, ह्यांच्या पाया पडलास. ह्यांनी विचारलं, तिकीट काढलंय ना? तुझे डोळे भरले ते मी पाहिलं. तुझ्या मायेबद्दल मला शंका नाही.

पण पावणेपाचला तू घड्याळ पाहिलंस आणि उठलास. पाव तास, ठोकळ्या. पाव तास थांबला असतास तर तुझ्या त्या दारापुढे ह्यांचं काय होतं ते तुला दिसलं असतं. तुला ते पाहायचंच नव्हतं.

आणि तुझ्या खांद्यावरच्या पिशवीतून फळीचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. कडी घेऊन आला होतास तू. आणलीस आणि परत घेऊन गेलास.

मी काय करू, असं मला विचारतोस. जे चुकीचं आहे हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तेच तू आता आणखी तीन ठिकाणी बांधणार आहेस. अकरा जणांची काळजी मला कळते. पण त्या तीन इमारतींत प्रत्येकी बत्तीस जण येऊन राहतील, ते अजून तुझ्या ओळखीचे नाहीत एवढाच फरक.

पंधरा तारीख गुरुवारी आहे.

आत्या


२१ ऑक्टोबर

ठोकळ्या,

पत्र आलं नाही. बैठक झाली. सोळा तारखेला सकाळी ह्यांना वर नेलं. मी संमतीच्या कागदावर सही दिली नाही, तेव्हा त्यावर 'तातडीचे' असा शिक्का मारला. चाकाच्या खुर्चीत बसवून नेताना हे मला म्हणाले, "बाई, आमच्या घरी जरा निरोप द्या, आज उशीर होईल."

मला रोज अकरा ते साडेअकरा भेटायची परवानगी आहे. तेव्हा हे औषधाने झोपलेले असतात. मी अर्धा तास त्यांच्या नखांकडे बघत बसते.

अठरा तारखेपासून मी एक काम सुरू केलंय. पाच वाजले की वॉकर घेऊन निघते. बत्तीस दारं ओढून पाहते. उघडं मिळालं तर डोकावून सांगते, चला मंडळी, बंद करायचंय. मास्तरीणबाई पहिल्या दिवशी चक्रावल्या, दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि स्वतःहून दार उघडं ठेवलं. काल त्यांनी सिस्टरकडे माझी तक्रारही केली, चांगल्या खणखणीत आवाजात. असा शेजार मिळायला नशीब लागतं. शेवटच्या दाराशी जाऊन मी ओरडते. सुरुवातीला लाज वाटली. मग ओरडावंसंच वाटायला लागलं, मुद्दाम काही करावं लागलं नाही.

वहीत लिहिलंय, "भटकतात. दुसऱ्यांच्या खोल्यांत घुसतात." सिस्टरने माझ्याकडे पाहून 'आक्रमक' लिहिलं नाही, मला वाटतं तिलाही समजलंय.

मलाही वर न्यायचं तर माझं तातडीचं नाही, म्हणून जवळच्या नातेवाईकाची सही लागते. आम्हाला तूच आहेस. सोबत फॉर्म जोडला आहे. इमारतीत दोष आहे असं लिहायला तुझा हात धजला नाही. आता आत्याच्या डोक्यात दोष आहे असं लिही. ही सही सोपी आहे, हिच्याने कुणाचं काम जात नाही.

वर गेले की खाली येता येणार नाही हे मला माहीत आहे. विचार करून पाठवते आहे.

आत्या


२७ ऑक्टोबर

आत्या,

तुझा फॉर्म तीन दिवस टेबलावर होता.

तू ठणठणीत आहेस हे जगात सगळ्यात जास्त मला ठाऊक आहे, म्हणून सही करणार नव्हतो. मग वाटलं, सही केली नाही तर तू खाली एकटी आणि आतोबा वर एकटे. म्हणून केली. 'संभाव्य कारण' असा रकाना आहे त्यात मी लिहिलंय, "सरळ कॉरिडॉर, बत्तीस एकसारखी दारं, शेवटी बंद वाट. रुग्णाला कोणताही आजार नाही. नकाशा खाली सही करणाऱ्याने काढला आहे." खाली सही. नातं, भाचा.

दुसरा कागद संस्थेला वेगळा पाठवला. त्यात तो शब्द आहे, दोनदा आहे. भागीदार माझ्याशी बोलत नाही. त्या अकरा जणांना मी सोमवारी स्वतः सांगितलं. कुणी हसलं नाही.

संस्थेचं ते पत्र सात तारखेलाच द्यायला हवं होतं, कडी हातात असताना. ते मला आता आयुष्यभर पुरेल.

शनिवारी येतो. पाच वाजता असेन. कडी पिशवीतून अजून काढलेली नाही.

ठोकळ्या


८ नोव्हेंबर

ठोकळ्या,

तू लिहिलेलं कारण कुणी वाचलं नाही. मॅनेजरबाईंनी फॉर्म उलटा केला, सही आहे ना एवढं पाहिलं, फाइलला लावला आणि तीस तारखेला मला वर हलवलं. मी म्हटलं, अहो, वर लिहिलंय ते तरी वाचा. त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "हो आजी, वाचू हं." आता मी काही बोलले की असंच म्हणतात. इथे ठणठणीत माणसाला शहाणं ठरवून घ्यायला काही फॉर्म नाही.

वरचा मजला तुझ्याच नकाशाचा, तसाच बोळ, तशीच दारं. खिडकी इथेही उंचच. खाली आमच्या जुन्या खोलीत नवीन जोडपं आलंय. मास्तरीणबाईंनी चिठ्ठी पाठवली, त्यातला नवरा पोस्टमन होता म्हणे, आणि सकाळी सगळ्यांच्या दारांखालून कागद सरकवत फिरतो. वहीत त्याचंही लिहायला लागलेत. संस्थेला पाठवलेल्या तुझ्या पत्राला काय उत्तर आलं? मला वाटतं अजून आलं नसेल.

मागल्या शनिवारी तू इथे वर फळी ठोकत होतास तेव्हा वरची सिस्टर "परवानगी, परवानगी" म्हणत होती आणि तू तिला स्वतःचंच पत्र दाखवत होतास. चार स्क्रू लावायला तुला पाऊण तास लागला. नकाशे काढणाऱ्यांना पेचकस धरता येत नाही हे पाहून बरं वाटलं. पण पाच वाजेपर्यंत थांबलास. आणि फळी अजून जागेवर आहे, कुणी काढली नाही.

पण पाच वाजता तू बाजूच्या भिंतीकडे तोंड करून उभा होतास, म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. ह्यांनी कडी लावली. दोनदा थोपटली. "झालं" म्हणाले. वळले तर बाकावर मी बसलेली. त्यांना मी कोण ते कळलं नाही. जरा रागावल्यासारखे म्हणाले, "बाई, सगळे गेले, तुम्ही अजून आतच?"

मी म्हटलं, तुमचीच वाट बघत होते. त्यांनी माझा वॉकर पुढे सरकवला, माझ्या चालीने चालत माझ्या खोलीपर्यंत आले, आणि दार धरून उभे राहिले.

तेव्हापासून रोज सोडायला येतात.

आत्या